त्या कार्डावरची लाल रेघ म्हणजेच नॅनो

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्याच्या वडिलांना, वय ५८, रात्री दोनच्या सुमारास छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला. पावणेतीनला जवळच्या गावातल्या डॉक्टरांना उठवलं. त्यांनी बोटातून रक्त घेऊन हार्ट अटॅकची कार्ड टेस्ट केली. तीन वाजून गेल्यावर ती निगेटिव्ह आली. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी साडेआठला सोलापूरला आणलं तेव्हा ईसीजीत मोठा अटॅक दिसला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झालं, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. वडील वाचले, पण हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलं आहे. आता मुलगा विचारतो: नॅनो टेक्नॉलॉजीची टेस्ट असती तर रात्रीच कळलं असतं का? नॅनोची औषधं सोलापुरात मिळतात का, की सरळ पुण्याला न्यायला हवं होतं? आणि गणेश मंडळाकडे शिल्लक पडलेल्या पैशातून गावासाठी ‘नॅनो हार्ट किट’ घ्या, असं एक विक्रेता मागे लागला आहे, तर घेऊ का?

मी सोलापुरात २२ वर्षं कॅज्युअल्टीत काम करते. तुमच्या प्रश्नाच्या तळाशी एक टोचणी आहे, ती मला वाचतानाच जाणवली. आपल्या भागात साधनं जुनी म्हणून वडिलांचं हे झालं का, आपण न्यायला चुकलो का, हे तुम्हाला खात असणार. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्या रात्री वडिलांची जी टेस्ट झाली, ती बहुधा नॅनो टेक्नॉलॉजीचीच होती.

आपल्याकडे ‘नॅनो’ म्हटलं की आधी ती छोटी गाडी आठवायची, आणि २०२१ पासून शेतकऱ्यांना युरियाची बाटली आठवते. नॅनोमीटर हे मात्र नुसतं माप आहे, मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा एक केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. वैद्यकात साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. तर त्या कार्डाच्या आत एका पट्टीवर सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात, साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे. रक्ताची एक तांबडी पेशी घेतली तर तिच्या रुंदीवर असे चाळीस नॅनोमीटरवाले पावणेदोनशे-दोनशे कण ओळीने बसतील.

सोनं एवढं बारीक झालं की ते पिवळं राहत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात आणि आपल्याला लाल रंग दिसतो. १८५७ साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असं माणकासारखं लाल सोन्याचं पाणी तयार करून त्याचा अभ्यास मांडला होता. तोच लाल रंग आज आपल्या कार्डावर रेघ बनून येतो. प्रेग्नन्सी टेस्ट, मलेरियाचं कार्ड, डेंग्यूचं कार्ड, कोरोनाच्या काळातली रॅपिड अँटिजेन, या सगळ्यांची जात एकच. काही कंपन्या सोन्याऐवजी रंगीत प्लॅस्टिकचे बारीक मणी वापरतात, पण तत्त्व तेच.

हे चालतं कसं, ते समजून घ्या, कारण तुमच्या वडिलांच्या टेस्टचं कोडं तिथेच सुटतं. सोन्याच्या प्रत्येक कणाला अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थच ओळखून पकडणारी प्रथिनं, चिकटवलेल्या असतात. हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्यातून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. ही अँटिबॉडी तेवढंच ओळखते. रक्ताचा थेंब टाकला की तो दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा पट्टीतून पुढे सरकतो, सोबत सोन्याचे कण घेऊन. पुढे पट्टीवर एका रेषेत दुसरी अँटिबॉडी पक्की बसवलेली असते. ट्रोपोनिन असेल तर ते एका बाजूने सोन्याला धरतं, दुसऱ्या बाजूने त्या रेषेला, आणि तिथे सोनं साचत जातं. पुरेसं साचलं की डोळ्यांना लाल रेघ दिसते. कण इतके बारीक म्हणून पट्टीच्या छिद्रांतून सहज वाहतात, आणि रंग इतका गडद म्हणून मशीनशिवाय दिसतात. नॅनोचा फायदा तो हाच. वीज नको, मशीन नको, पंधरा मिनिटांत उत्तर.

यात ‘पुरेसं साचलं की’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत.

ट्रोपोनिन अटॅक आल्याच्या क्षणी रक्तात येत नाही. नेहमीच्या कार्डावर दिसण्याइतकं वाढायला साधारण तीन-चार तास जातात, कधी त्याहून जास्त. तुमच्या वडिलांना कळ आली दोनला, टेस्ट झाली तीनला. त्या वेळी रक्तात ट्रोपोनिन आलंच नव्हतं, किंवा कार्डाला दिसावं इतकं नव्हतं. कार्ड खोटं बोललं नाही. तासाभरात त्याला जे सांगता येणार नाही, ते त्याच्याकडून ऐकण्याची अपेक्षा होती, एवढंच. तेच कार्ड सकाळी सातला केलं असतं तर बहुधा लाल रेघ आली असती, पण तोपर्यंत हृदयाचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

याहून संवेदनशील टेस्ट आहे, तिला हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन म्हणतात. ती लॅबमधल्या मोठ्या मशीनवर होते, ट्रोपोनिनचा आकडा देते आणि कार्डापेक्षा कितीतरी कमी प्रमाण ओळखते. तीही आम्ही एकदा करून थांबत नाही. एक तासाने, दोन तासांनी किंवा तीन तासांनी पुन्हा करतो आणि आकडा चढतो का ते बघतो. किडनीच्या जुन्या रुग्णांत आकडा कायमच थोडा वर असतो, तिथे तर चढ-उतार पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. म्हणजे सगळ्यात चांगली टेस्टसुद्धा वेळ मागते.

मग पहिल्या तासात काय सांगतं? ईसीजी. छातीत दुखणारा माणूस दारात आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघून तो जाणकाराच्या डोळ्यांखालून जायला हवा, हा जगभरचा नियम आहे. तुमच्या वडिलांना ज्या प्रकारचा अटॅक होता, त्यात ईसीजीच्या पट्टीवर रेषा उचललेली दिसते आणि ती अनेकदा काही मिनिटांतच दिसायला लागते. असा ईसीजी असला तर ट्रोपोनिनची वाट पाहायची नसते, लगेच उपचार सुरू. रात्री तीनला तुमच्या वडिलांचा ईसीजी झाला असता तर काय दिसलं असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पहिला ईसीजी साफ आणि अर्ध्या तासाने दुसरा बिघडलेला, असंही होतं. पण विचारायचा प्रश्न तो होता.

त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मी स्वतः नवी असताना एका ड्रायव्हरला असंच कार्डाच्या भरवशावर सोडणार होते. कळ येऊन दीड तास झाला होता, कार्ड साफ, ईसीजीत खास काही नाही. त्याची बायको म्हणाली, “मॅडम, ह्यांनी आजवर कधी दुखतंय म्हणून गाडी थांबवली नव्हती.” त्या एका वाक्यासाठी मी त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि वीस मिनिटांनी दुसरा ईसीजी काढला. तो पूर्ण बदललेला होता. तेव्हापासून माझ्या कॅज्युअल्टीत नियम आहे: कार्ड निगेटिव्ह आलं की कागदावर कळ सुरू झाल्याची वेळ आणि टेस्टची वेळ शेजारी शेजारी लिहायची. दोन्हीतलं अंतर डोळ्यांसमोर असलं की कुणी घाईने घरी पाठवत नाही.

आता सोलापूरचं म्हणून एक सांगते, कारण हे पुण्याच्या किंवा परदेशातल्या माहितीपत्रकात वाचायला मिळणार नाही. या कार्डांच्या पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या खाली ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात, गाडीच्या डॅशबोर्डवर, कुरिअरच्या टेम्पोत ही कार्डं काय सोसत असतील ते बघा. एका उन्हाळ्यात मला शंका आली म्हणून मी आमच्या ड्रॉवरमध्ये जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवला. दुपारी तिथे ३९ निघालं, तेही पंखा चालू असलेल्या खोलीत.

उष्णतेने अँटिबॉडी बिघडतात. दमट हवेने पट्टी खराब होते, म्हणून पाकिटात ती सिलिका जेलची पुडी असते आणि पाकीट वापरायच्या क्षणीच फोडायचं असतं. यातला घोटाळा असा की कंट्रोलची रेघ, म्हणजे कार्ड चाललं हे दाखवणारी दुसरी रेघ, आली म्हणजे कार्ड ठणठणीत, असं सगळे धरून चालतात. कंट्रोलची रेघ फक्त एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि सोनं पुढे सरकलं. टेस्टच्या रेषेवरच्या अँटिबॉडीची धार पूर्वीइतकी आहे का, हे ती सांगत नाही. उन्हात पडलेलं कार्ड कंट्रोलची सुंदर रेघ दाखवूनही कमी ट्रोपोनिन चुकवू शकतं. आम्ही आता पेट्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. वापरण्याआधी पाकीट न फोडता ते खोलीच्या तापमानाला येऊ देतो, नाहीतर आत दव धरतं. आणि पंधरा-वीस मिनिटांत वाचायचं म्हणजे तेवढ्यातच वाचायचं. तासाभराने उचलून पाहिलं तर वाळताना उमटलेल्या पुसट रेघेला लोक पॉझिटिव्ह म्हणतात.

आता दुसरा प्रश्न, पुण्याला न्यायला हवं होतं का. नाही. मोहोळहून सोलापूर तासाभराच्या आत, पुणे दोनशे किलोमीटरच्या पुढे. हृदयाची नळी बंद आहे तोवर दर मिनिटाला स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल तर जिथे आहात तिथेच, अर्ध्या तासात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं आणि मग पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफीसाठी मोठ्या ठिकाणी जायचं. टेनेक्टेप्लेज हे त्यातलं आजचं मुख्य औषध, वजनानुसार एकाच वेळी शिरेत देता येतं. ते सोलापुरात मिळतं आणि ते नॅनो औषध नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हातातून गेलेले साडेपाच तास नॅनोच्या अभावी गेले नाहीत.

गुठळी विरघळवणाऱ्या नॅनो औषधांवर संशोधन जरूर चालू आहे. २०१२ साली हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटमधल्या गटाने असे कणपुंज तयार केले, जे अरुंद झालेल्या नळीत रक्ताचा जोर वाढला की तिथेच फुटतात आणि औषध नेमकं गुठळीपाशी सोडतात. कल्पना फार सुंदर आहे. प्रयोग उंदरांवर होते. रक्तात पोहणारे नॅनोरोबो आज जगातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत नाहीत, पुण्यात नाहीत आणि अमेरिकेतही नाहीत.

पण उपचारात नॅनो काहीच नाही, असं समजू नका. मी स्वतः जे वापरलंय ते सांगते.

२०२१ ची काळी बुरशी आठवते ना. कोरोनातून उठलेले, साखर वाढलेले रुग्ण, डोळा सुजलेला, टाळू काळं पडलेलं. त्या बुरशीवर अँफोटेरिसिन-बी हे औषध. त्याचा जुना प्रकार दिला की थंडी वाजून रुग्ण खाट हलवायचा आणि चार दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याचं सांगणारा रक्तातला आकडा, चढायचं. लायपोसोमल प्रकारात तेच औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत बसवलेलं असतं, शंभर नॅनोमीटरहून लहान. पिशवीत असल्यामुळे ते किडनीला कमी झोंबतं, म्हणून किलोमागे पाच मिलिग्रॅम इतका मोठा डोस देता येतो. जुन्याचा डोस किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्या मे-जूनमध्ये नातेवाईक एकेका कुपीसाठी सोलापूरपासून हैदराबादपर्यंत फोन लावत होते. नॅनो औषधाने माणूस वाचतो हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते वेळेवर मिळालं नाही तर काय होतं हेही.

दुसरं, भाजलेल्या जखमांवरचं नॅनो चांदीचं ड्रेसिंग. अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपातली चांदी ओलाव्यात हळूहळू चांदीचे आयन सोडते आणि जंतू मारते. नेहमीचं पांढरं मलम रोज धुऊन पुन्हा लावावं लागतं. हे ड्रेसिंग प्रकारानुसार तीन दिवस, काही सात दिवस ठेवता येतं. भाजलेल्या लहान मुलाची पट्टी रोज सोडणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा ऐकलंय त्याला यातला फरक सांगावा लागत नाही.

या दोन्हींबाबत एक खबरदारी आमच्या सिस्टर मंडळींना मी पुन्हा पुन्हा सांगते. दोन्हींचं नॉर्मल सलाईनशी जमत नाही. लायपोसोमल अँफोटेरिसिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, मिठाच्या पाण्यात ते साकळतं. चांदीचं ड्रेसिंग निर्जंतुक साध्या पाण्याने ओलं करायचं, सलाईनमधल्या क्लोराइडशी चांदी बांधली जाते आणि मग तिचा उपयोग उरत नाही. हाताला सवय सलाईनची बाटली उचलायची. महागडी वस्तू आणून ती सवयीने वाया घालवणं फार सोपं आहे.

भुलीच्या इंजेक्शनची विषबाधा हे तिसरं, पण ते थोडक्यात सांगते. हाताचा किंवा पायाचा भाग बधिर करायचं औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यावर सोयाबीन तेलाचं पांढरं इमल्शन शिरेतून देतात. त्याचे थेंब शंभर नॅनोमीटरहून मोठे असतात, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. माणसात त्याने जीव वाचल्याच्या पहिल्या नोंदी २००६ च्या. ऑपरेशन थिएटरमध्ये ती बाटली असायलाच हवी.

आणि आपल्या भागात रोजचंच म्हणून कीटकनाशकांबद्दल. विष प्यायलेल्या रुग्णाला काळं औषध पाजताना तुम्ही पाहिलं असेल, तो ॲक्टिव्हेटेड चारकोल. त्याच्या एका ग्रॅममध्ये नॅनोमीटरच्या मापाची इतकी छिद्रं असतात की आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे एका ग्रॅमला जवळजवळ दहा गुंठे, आणि मोठ्या माणसाच्या पन्नास ग्रॅमच्या डोसला सुमारे बारा एकर. या रानावर विष चिकटून बसतं. हे नॅनो शब्दाच्या कितीतरी आधीपासून कॅज्युअल्टीत आहे. पण ते पहिल्या तासाभरात दिलं तरच खरा उपयोग, आणि प्रत्येक विषाला नाही. श्रीलंकेत चार हजारांहून अधिक विषबाधित रुग्णांवर अभ्यास झाला, २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांत आपल्यासारखेच कीटकनाशक प्यायलेले बरेच होते. सरसकट चारकोल दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकात जीव वाचवतं ते ॲट्रोपिन, भरपूर आणि लवकर, आणि श्वासाला आधार. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या नादाला लागू नका, ती फुफ्फुसात जाते.

साप. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांमध्ये जमिनीवर झोपलेल्या माणसांना रात्री मण्यार चावते. कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. तुमच्या वडिलांच्या कार्डाची गोष्ट इथे वेगळ्या रूपात पुन्हा येते. आम्ही स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष असल्याचं कळतं. नळी प्लॅस्टिकची घेतली किंवा दहाव्या मिनिटाला कुणी हलवून पाहिली तर टेस्ट फसते. आणि मण्यार किंवा नाग असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं, टेस्ट ‘नॉर्मल’ येते आणि रुग्णाचा श्वास मात्र बंद पडत चाललेला असतो. तिथे पापण्यांकडे बघायचं. विष ओळखणाऱ्या सोन्याच्या कार्डांवरही संशोधन चालू आहे. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या गटाने तांबड्या पेशीचं आवरण चढवलेले नॅनोस्पंज उंदरांवर वापरून जंतूंचं विष शोषून घेतलं, आणि सापाच्या विषासाठीही असं काही करता येईल अशी आशा तेव्हापासून आहे. ते होईल तेव्हा सगळ्यात आधी आनंद मला होईल. आज मात्र आपलं औषध घोड्याच्या रक्तापासून बनवलेली तीच लस. भुकटीच्या रूपातली कुपी फ्रीज नसलेल्या आरोग्य केंद्रातही टिकते, आणि सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात.

हायवेवरच्या अपघातातल्या रक्तस्रावाचंही तसंच. २००९ साली प्रयोगशाळेतल्या उंदरांना कृत्रिम नॅनो प्लेटलेट देऊन रक्त वाहण्याचा वेळ निम्म्यावर आणला गेला. पुढे तसे कण डुकरांना दिल्यावर शिरेतून देतानाच तीव्र प्रतिक्रिया दिसल्या आणि काम पुन्हा मागे गेलं. शरीर परक्या कणांना सहज आत घेत नाही, म्हणून २०१९ साली आपल्या सरकारनेही नॅनो औषधांच्या तपासणीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दरम्यान ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं जुनं, स्वस्त औषध २०१० च्या वीस हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात मृत्यू कमी करताना दिसलं, अट एकच: जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत. उशिरा दिलं तर उलट अपाय होऊ शकतो.

बघा, प्रत्येक ठिकाणी घड्याळ मध्ये येतं. म्हणून कुणीही नवं उपकरण घेऊन माझ्याकडे आलं की मी दोन गोष्टी विचारते. याचं उत्तर आल्यावर मी रुग्णासाठी आत्ता काय वेगळं करणार? आणि ते वेगळं करायची वेळ त्या उत्तराआधीच टळून गेलेली असेल का? हाच निकष तुमच्या मंडळाच्या खरेदीला लावू.

त्या विक्रेत्याच्या किटमध्ये नेमकं काय आहे ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्या मालाबद्दल बोलत नाही. पण ‘हार्ट किट’ म्हणून गावात ठेवण्यासारखी जी वस्तू मिळते ती बहुतेक हेच ट्रोपोनिनचं कार्ड असते. ते गावात ठेवलं तर रात्री दोनला कळ आलेल्या माणसाची टेस्ट तीनला होईल, निगेटिव्ह येईल आणि घरचे म्हणतील, सकाळी बघू. तुमच्याच घरात हे घडलंय. त्या पैशात ते किट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

त्याऐवजी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा त्याच डॉक्टरांकडे बारा लीडचं ईसीजी मशीन आहे का, चालू आहे का, रात्री काढता येतो का, हे आधी विचारा. नसेल तर मंडळाचा पैसा तिथे लावा. ईसीजीच्या कागदाचा फोटो फोनवरून सोलापुरातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पोचायला मिनिटही लागत नाही. कोणाला पाठवायचा, हे आत्ताच ठरवून त्यांचा नंबर भिंतीवर लावून ठेवा. आधीपासून बोलणं झालेलं असलं की रात्री तीनला फोन उचलला जातो. केंद्रातली कार्डं आणि सापाची लस कुठे, किती तापमानाला ठेवली आहेत, तेही एकदा नजरेखालून घाला. मग गावातल्या वीस-पंचवीस तरुणांना छाती दाबून हृदय चालू ठेवायचं शिक्षण द्या. आमच्यासारखे कोणीही येऊन शिकवतील, त्याला पैसेही लागणार नाहीत. पैसे उरले आणि ऊसतोड मजुरांना टॉर्च, मच्छरदाणी आणि खाटा देता आल्या तर मण्यारीचे दंश कमी होतील. १०८ ला फोन केला की गाडी कुठून निघते आणि तुमच्या वाडीचा रस्ता चालकाला कसा सांगायचा, याची एकदा रंगीत तालीम करा.

परिस्थितीनुसार माझं उत्तर बदलेल, हेही सांगते. तुमच्या जवळ दिवसरात्र चालणारं, डॉक्टर असलेलं छोटं रुग्णालय असेल, तिथे ईसीजी आधीपासून होत असेल आणि रुग्णाला तीन-चार तास निरीक्षणाखाली ठेवता येत असेल, तर तिथे कार्डाला खरंच जागा आहे. कळ येऊन पाच-सहा तास उलटल्यावर आलेला, ईसीजी गोंधळात टाकणारा असलेला रुग्ण, तिथे ती लाल रेघ मला आजही मदत करते.

आता वडिलांबद्दल, कारण त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. ४० टक्के पंपिंग हा आकडा अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांतला आहे. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता दमून थिजलेला असतो आणि पुढच्या आठवड्यांत जागा होतो. म्हणून सहा आठवड्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करून घ्या आणि तोच आकडा जपून ठेवा. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या असतील, त्यातली एकही स्वतःहून बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पाय सुजले, रात्री आडवं झाल्यावर धाप लागली किंवा दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता घेऊन या. आणि पुन्हा छातीत कळ आली तर कार्ड, किट काही शोधत बसू नका. १०८ लावा, आणि पोचाल तिथे पहिलं वाक्य हे म्हणा: “अमुक वाजता दुखायला लागलं, आधी ईसीजी काढा.”